कस्टर्डचा डबा

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून 'टॉमी' लावला. केन रसेलचा, १९७५ सालचा, 'द हू' ह्या बँडच्या गाण्यांवर बेतलेला सिनेमा. त्यात एक प्रसंग आहे. टॉमीची आई झालेली अ‍ॅन-मार्गरेट एका पांढऱ्याशुभ्र खोलीत टीव्हीसमोर बसलेली असते. वैतागून ती शॅम्पेनची बाटली टीव्हीवर फेकते, आणि त्या टीव्हीतून साबणाचा फेस, बेक्ड बीन्स आणि चॉकलेट ह्यांचा लोंढाच्या लोंढा बाहेर येतो. बाई त्यात अक्षरशः लोळते. गंमत म्हणजे ह्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

शेजारी बसून पेंगणाऱ्या बायकोने नेमके तेव्हाच डोळे उघडले. "शी! केवढं ते अन्न वाया!" म्हणाली आणि परत मिटून घेतले. मला मात्र त्यानंतर झोप लागली नाही. बर्मिंगहॅममधला एक माणूस आठवला. आणि एक कस्टर्डचा डबा.

लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. इथे माझे लिहिते दोस्त येतात तशा आत्या, मावशी आणि दोन्हीकडची भाचरंही येतात. तेव्हा मंडळी, आधीच सांगून टाकतो, विषय जरा अवघड आहे, वाह्यात नाही. ज्यांना नको त्यांनी पुढच्या खेपेला या, लोणच्यावर लिहिणार आहे. :)

तर झालं असं.

१९९९ साली कंपनीने मला दीड वर्षासाठी बर्मिंगहॅमला पाठवलं होतं. भाडं वाचवायला ऑफिसातल्याच एका सहकाऱ्याच्या घरात खोली घेतली. तो माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, अविवाहित, अबोल, कमालीचा टापटिपीचा. म्हणजे स्वयंपाकघरातलं फडकंसुद्धा घडी घालून ठेवणारा. त्याचं नाव इथे सांगत नाही, नुसतं 'तो' म्हणेन. मला सर्दी झाली तर न सांगता दाराबाहेर औषधाची गोळी ठेवून जाणारा माणूस. मीही त्याला पोहे करून घालायचो.

एका शनिवारी तो माळ्यावरून खोकी उतरवत होता, मी शिडी धरली होती. एका खोक्याचा तळ सुटला आणि पंधरा-वीस मासिकं माझ्या पायाशी येऊन पडली. मुखपृष्ठावर एक बाई. अंगात पार्टीला जायचा झकपक पोशाख, गळ्यात मोत्यांची माळ, आणि ती कस्टर्डने भरलेल्या टबात बसून खो खो हसतेय. वर नाव होतं 'स्प्लॉश!'. उद्गारचिन्हासकट.

मी हसलो. कुणीही हसलं असतं. तो शिडीवर तसाच थांबला, चेहरा लालबुंद झालेला. मग खाली उतरला, चहा टाकला, आणि पुढचा अर्धा तास मला त्याने जे सांगितलं ते मला वाटतं त्याने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला हे आवडायचं. एवढंच. चांगले कपडे घातलेल्या माणसाच्या अंगावर क्रीम, कस्टर्ड, चिखल पडला की त्याला ते सुंदर वाटायचं, आणि नुसतं सुंदर नव्हे, त्याच्या पुढचंही. कित्येक वर्षं त्याची खात्री होती की आपलं डोकं फिरलेलं आहे, आणि जगात असे आपण एकटेच. त्यापायी एक लग्न जुळताजुळता त्याने स्वतःच मोडलं होतं. मग एक दिवस त्याला ह्या मासिकाची छोटीशी जाहिरात दिसली. पैसे पाठवले, अंक आला. फोटो त्याने नंतर पाहिले म्हणाला, आधी पत्रं वाचली. वाचकांची पत्रं. पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत, उभ्याउभ्या.

ते मासिक इंग्लंडात १९८९ साली सुरू झालं. बिल शिप्टन हा त्याचा संस्थापक आणि संपादक. बारा वर्षांत त्याचे चाळीस अंक निघाले आणि २००१ मध्ये ते थांबलं. सगळा मामला ह्या एकाच गोष्टीभोवती, राडा आणि त्यातली मजा. फोटो, गोष्टी, पत्रं. मी त्या दिवशी जे दोन-चार अंक चाळले त्यांत कपडे उतरवण्यापेक्षा कपडे बरबटवण्याचंच जास्त होतं. ऑफिसचा सूट घातलेल्या बाईच्या डोक्यावर केक, लग्नाच्या पांढऱ्या झग्यावर चॉकलेट, असला प्रकार. आणि सगळ्यांत आश्चर्य वाटलं ते चेहऱ्यांचं. अशा मासिकांतल्या चेहऱ्यांवर एक ठरलेला, मारून मुटकून आणलेला भाव असतो. इथे सगळे हसत होते. बाई पडली, बरबटली, आणि तिलाच हसू आवरेना!

हे इंग्लंडातच का निघालं ह्याचा नंतर मी बराच शोध घेतला, आणि मला त्यात फार गंमत वाटली. ह्या देशाला राड्याची जुनी हौस आहे. नाताळाच्या दिवसांत तिथे पँटोमाइम नावाचा नाटकाचा प्रकार होतो, अख्खं कुटुंब जातं, जसे आपण पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत बालनाट्याला जायचो. त्यात एक 'स्लॉश सीन' असतो. दोन विदूषक खोलीला कागद चिकटवायला किंवा केक करायला घेतात, आणि पाच मिनिटांत दोघंही डोक्यापासून पायापर्यंत बरबटतात. ते जे बरबटायचं द्रव्य, त्यालाच स्लॉश म्हणतात. आणि बायको, तू वाचत असशील तर ऐक, ते अन्न नसतं. दाढीचा साबण किसून, पाण्यात घुसळून, रंग घालून फेस करतात. साबण असल्यामुळे कपडे धुवायला सोपे. स्लॉश काय, स्प्लॉश काय, आपल्या 'थपाक्'चीच ही भावंडं.

तिथल्या रंगभूमीवरच्या फ्रेड कार्नोच्या कंपनीत अशा धडपडीच्या विनोदाचं शिक्षण घेऊन दोन पोरं पुढे अमेरिकेला गेली. एक चार्ली चॅप्लिन, दुसरा स्टॅन लॉरेल. हॉलिवूडमध्ये तेव्हा मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीने तोंडावर पाय मारण्याची प्रथा लोकप्रिय केली होती. (पाय म्हणजे क्रीमचा, खायचा. लाथ नव्हे.) १९१३ च्या एका मूकपटात मेबल नॉर्मंडने फॅटी आर्बकलला असा पाय फेकून मारला, तो पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या पायांपैकी एक. १९२७ साली लॉरेल आणि हार्डीने 'द बॅटल ऑफ द सेंचुरी' केला तेव्हा तीन हजार पाय फेकले असं सांगितलं जातं. त्या सिनेमाचं दुसरं रीळ कित्येक वर्षं हरवलं होतं, ते २०१५ साली सापडलं तेव्हा सिनेमावेड्यांनी अक्षरशः दिवाळी केली. १९६५ च्या 'द ग्रेट रेस'मध्ये ब्लेक एडवर्ड्सने पुन्हा एकदा पायांचं महायुद्ध घडवलं आणि सिनेमा लॉरेल-हार्डीला अर्पण केला.

इंग्लंडातही गाडी थांबली नव्हती. १९६७ साली 'द हू'ने 'द हू सेल आउट' नावाची तबकडी काढली, तिच्या वेष्टनावर गायक रॉजर डाल्ट्री बेक्ड बीन्सने भरलेल्या टबात बसलेला आहे. (बीन्स गार होते, त्याने नंतर आजारी पडल्याचं सांगितलं.) १९७४ ते १९८२ टीव्हीवर दर शनिवारी सकाळी 'टिसवॉज' हा गोंधळी कार्यक्रम चालायचा, तोही बर्मिंगहॅमच्याच भागातला. त्यात बुरखा घातलेला एक इसम येऊन दिसेल त्याच्या तोंडावर क्रीमचा पाय थापून जायचा. बादल्याच्या बादल्या पाणी अंगावर घेण्यासाठी मोठी माणसं पिंजऱ्यात जाऊन बसायची. पुढे नव्वदच्या दशकात बीबीसीवर 'नोएल्स हाउस पार्टी' आला, त्यात नामवंतांना एका टाकीत बसवून वरून रंगीत चिकट लगदा सोडायचे. सारा देश शनिवारच्या रात्री चहा पीत ते पाहायचा.

म्हणजे बघा. स्टेजवर झालं की विनोद. सिनेमात झालं की अभिजात. वेष्टनावर झालं की कला. टीव्हीवर झालं की कौटुंबिक मनोरंजन. पण एखाद्याने हळूच म्हटलं, "मला हे आवडतं, आणि तुम्हाला आवडतं त्यापेक्षा थोडं निराळ्या तऱ्हेने आवडतं", की लगेच ती विकृती! आम्ही शिमग्याला काय वेगळं करतो? धुळवडीला चिखल-राख फासणं, एरवी तोंडातून काढणार नाही ते शब्द चारचौघांत ओरडणं. समाजाने एक दिवस नेमून दिलाय म्हणून तो सण. बाकी दिवशी तेच केलं तर लोक वेड्यात काढतील.

ह्या अशा आवडींना इंग्रजीत 'फेटिश' म्हणतात. शब्दाचं मूळ गोव्याच्या मंडळींना आवडेल, कारण तो पोर्तुगीज आहे. 'फेइतिसो' म्हणजे जादूटोणा, मंतरलेली वस्तू. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या पोर्तुगिजांनी तिथल्या लोकांच्या पूज्य वस्तूंना हे नाव दिलं. १८८७ साली आल्फ्रेड बिने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने तो शब्द प्रेमाच्या प्रांतात आणला. एखाद्याचा जीव माणसापेक्षा एखाद्या वस्तूत, कापडात, बुटात अडकतो, त्याला उद्देशून. हाच बिने पुढे बुद्धिमापन चाचणीमुळे जगभर ओळखला गेला. तेव्हापासून शंभरेक वर्षं हा सगळा प्रकार रोगांच्या यादीत राहिला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ च्या त्यांच्या ग्रंथात स्पष्ट केलं की निराळी आवड असणं हा आजार नव्हे, तिच्यामुळे स्वतःला त्रास होत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तर तो आजार. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत तर 'फेटिशिझम' हे निदानच उरलेलं नाही. एकशे पस्तीस वर्षं लागली म्हणायची.

पण हे आजचं झालं. १९८९ सालचं इंग्लंड कसं होतं? अश्लीलतेचा १९५९ चा कायदा होताच. वाचणाऱ्याला बिघडवण्याकडे, भ्रष्ट करण्याकडे ज्याचा कल असेल ते अश्लील, अशी त्याची व्याख्या, म्हणजे बसवाल तशी बसणारी. १९८८ मध्ये समलैंगिकतेचा 'प्रसार' करायला नगरपालिकांना बंदी घालणारं कलम आलं होतं. आणि १९९० च्या डिसेंबरात तिथे एका खटल्यात सोळा पुरुष दोषी ठरले. त्यांनी आपापसांत, संमतीने, स्वतःच्या घरांत एकमेकांना वेदना देण्याघेण्याचे प्रकार केले होते. तक्रार त्यांच्यापैकी कुणाचीच नव्हती. तरी काही जण तुरुंगात गेले, आणि १९९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानेही तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम केली. संमती हा बचाव होऊ शकत नाही म्हणाले.

अशा हवेत एक माणूस उठून कस्टर्डचं मासिक काढतो. मला त्यात धाडस दिसतं, आणि त्याहून जास्त शहाणपण दिसतं. वेदनेला, चामड्याला, साखळदंडाला कायदा घाबरतो. कस्टर्डला कोण घाबरणार? पण कस्टर्डवाल्याची शिक्षा वेगळी असते. त्याला हसतात. चाबूकवाल्याला लोक निदान वचकून तरी असतात हो, कस्टर्डवाल्याच्या वाट्याला तेही नाही. हसण्याविरुद्ध अपील कुठे करणार? त्याला वरचं कोर्टच नाही.

शिप्टनच्या मासिकाने ह्यावर जो उपाय काढला तो मला अजूनही थोर वाटतो. ते आधी स्वतःच हसलं. नावात उद्गारचिन्ह, मुखपृष्ठावर हसणारी बाई, मजकुरात चावट इंग्रजी विनोद. जणू वाचकाला सांगतायत, होय, हे हास्यास्पद आहे, आम्हालाही ठाऊक आहे, ये, बस. दुसऱ्याने आपल्याला हसणं आणि आपण आपल्या माणसांत बसून आपल्यावरच हसणं ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने माणूस आक्रसतो, दुसऱ्याने त्याचे खांदे सैल होतात. मुखपृष्ठ दाखवताना 'तो' पहिल्यांदा हसला ते मी पाहिलं आहे.

आणि दुसरी गोष्ट पत्रांची. आज कुठलीही विचित्र आवड घेऊन संगणकासमोर बसा, पाच मिनिटांत तुमच्यासारखे पाचशे सापडतील. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा लागायचा एक माणूस, जो आपलं नाव आणि टपालाचा पत्ता छापायला तयार असेल. त्या पत्त्यावर गावोगावचे लोक लिहिणार, तो ती पत्रं छापणार, आणि एका गावच्या माणसाला कळणार की दुसऱ्या गावीही एक आहे. २००० साली कॅथरिन गेट्स ह्या अमेरिकन लेखिकेने अशा चाकोरीबाहेरच्या आवडींवर एक पुस्तक काढलं, त्यात ह्या राडेबाज मंडळींनाही जागा मिळाली. पुढच्याच वर्षी मासिक थांबलं. इंटरनेट घराघरांत येत होतं, अशा बऱ्याच छोट्या मासिकांचे ते निरोपाचे दिवस होते. पण त्याच्या नावावरून आलेला 'स्प्लॉशिंग' हा शब्द इंग्रजीत मागे राहिला. मासिक न पाहिलेले लोकही तो वापरतात.

असो. आता मुद्द्यावर येतो, म्हणजे ज्यासाठी हे सगळं लिहितोय त्यावर. इतका वेळ इतिहास सांगत बसलो तो खरं म्हणजे हे सांगायला लागू नये म्हणूनच.

त्या शनिवारच्या पुढच्या शुक्रवारी ऑफिसातले आम्ही सात-आठ जण संध्याकाळी पबमध्ये बसलो होतो. तो नव्हता. परक्या देशात अशा बैठकीत आपली फार पंचाईत असते. त्यांचे विनोद कळत नाहीत, त्यांच्या शाळेच्या, फुटबॉलच्या गोष्टींत आपल्याला शिरकाव नसतो. नऊ महिने मी त्या टेबलाच्या कडेला बसून नुसता हसल्यासारखं करत आलो होतो. त्या दिवशी माझ्याकडे पहिल्यांदाच एक गोष्ट होती. मी ती सांगितली. चांगली रंगवून सांगितली. शिडी, खोकं, टबातली बाई, त्याचा लाल झालेला चेहरा. टेबल कोसळलं हसून. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मला पुढचं पेय कुणीतरी घेऊन दिलं. इतका मान त्या देशात मला आधी कधी मिळाला नव्हता.

पत्रांचं मात्र मी सांगितलं नाही. आणि मोडलेल्या लग्नाचंही नाही. ते सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

सोमवारी सकाळी त्याच्या टेबलावर कस्टर्डचा एक डबा ठेवलेला होता. त्याला लाल रिबीन बांधलेली. तो आला, कोट काढून नीट टांगला, डबा पाहिला. सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसलेले. त्याने रिबीन सोडली, तिची घडी घातली, डबा खणात ठेवला आणि कामाला लागला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी तो काही बोलला नाही. मीही नाही. दोन महिन्यांनी त्याने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. जाताना घराची किल्ली, विजेच्या बिलाचा हिशेब आणि माझे जास्तीचे सव्वाचार पौंड एका पाकिटात घालून माझ्या दाराबाहेर ठेवून गेला. जिथे गोळी ठेवायचा तिथेच.

परत आल्यावर हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोला परवा पहिल्यांदा सांगितलं.

आता आमच्या घरातली एक गोष्ट. काकूला आठवत असेल. १९७८ साली आमचे आजोबा, अण्णा, गेले. साताऱ्याच्या घरी त्यांची पत्र्याची ट्रंक होती, दिवस झाल्यावर ती बाबांनी उघडली. मी बारा वर्षांचा, शेजारी बसलो होतो. वर पंचांगं, पेन्शनचे कागद, धोतरजोडी. तळाशी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली लहानशी मासिकं. बाबांनी एक उचललं, मुखपृष्ठ पाहिलं, तसंच परत गुंडाळलं आणि ट्रंक बंद केली. "काय होतं?" म्हणून मी विचारलं. "अण्णांचं आहे," एवढंच म्हणाले. पुढे मोठा झाल्यावर ती मी पाहिली. रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'चे अंक होते.

र. धों. कर्वे आपल्याला आता ठाऊक आहेत. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आला, अतुल पेठ्यांनी नाटक केलं. गणिताचा प्राध्यापक, संततिनियमनाच्या प्रचारापायी कॉलेजची नोकरी गेली. १९२७ च्या जुलैपासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ च्या ऑक्टोबरपर्यंत, पदरचे पैसे घालून मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ च्या पहिल्या खटल्यात १०० रुपये दंड. १९३४ चा दुसरा तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असल्या, माणूस डॉक्टरलाही विचारायला लाजेल अशा प्रश्नांवरून. बचावाला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. कर्व्यांनी दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं.

शिप्टन आणि कर्वे ह्यांना मी एका पंगतीला बसवत नाहीये, घाबरू नका. एक मौजेचं मासिक, दुसरं विज्ञानाचं आणि सुधारणेचं. कर्व्यांनी जे सोसलं ते फार मोठं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. कुठल्याशा गावी दार लावून बसलेला एक माणूस, ज्याला वाटतं की हा प्रश्न जगात फक्त आपल्यालाच पडलाय, आणि दुसऱ्या टोकाला एक संपादक, जो त्याचं पत्र फाडून टाकत नाही. आमचे अण्णा कोणता प्रश्न घेऊन ते अंक मागवत असतील, मला माहीत नाही. कळायला मार्गही नाही, आणि ते बरंच आहे.

मला राहून राहून बाबांचं नवल वाटतं. बाबा काही सुधारक वगैरे नव्हते. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. मासिकं पाहून त्यांना धक्का बसलाच असणार. पण घरात तेराव्याला आलेली पंचवीस माणसं होती, बाहेर ओसरीवर गप्पा चालल्या होत्या, आणि गोष्ट तर अशी होती की सांगितली असती तर वर्षभर पुरली असती. त्यांनी झाकण लावलं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, आणि एकवीस वर्षांनी माझ्या पायाशी एक खोकं फुटलं तेव्हा मला ते आठवलं नाही.

त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. शोधला तर सापडेलही, आजकाल काय कोणीही सापडतो. पण पंचवीसेक वर्षांनी एखाद्याच्या दारात जाऊन "तो डबा माझ्यामुळे आला होता" म्हणायचं, ते कुणासाठी? त्याच्यासाठी की माझ्यासाठी? ह्याचं उत्तर मिळालं की ठरवेन. तोवर एवढं तरी करतो, ज्या मासिकावर मी टेबल हसवलं त्याबद्दल, ते काढणाऱ्या माणसाबद्दल, जे खरं आहे ते इथे लिहून ठेवतो. त्या पबमधल्या गोष्टीत जी पत्रं मी गाळली होती, ती आता सांगून झाली.

बायकोने हे वाचलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला पोहे आवडायचे ना?" म्हटलं, हो, वरून खोबरं जास्त लागायचं.